आधी पाजणाऱ्यांविषयी

आजचा जाहीर केलेला विषय ‘पिणं कमी कसं करावं’ असा आहे. त्याकडे येतोच. पण पिणाऱ्याआधी मला पाजणाऱ्याबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं हे मनात साचलंय आणि इतकी मनापासून ऐकणारी माणसं रोज भेटत नाहीत.

आग्रहानं वाढणं ही आपली जुनी रीत. पानावर आडवा हात धरला तरी जिलबी पडायचीच. जिलबीपुरतं ते ठीक होतं. आता तोच आग्रह पानशेतच्या फार्महाउसवर आणि बाणेरच्या रूफटॉपवर ग्लासात उतरलाय. “अरे, एकच घे.” “आमच्यासाठी एवढंही नाही?” “बायकोनं बंदी घातली का?” हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो. नाही म्हणणाऱ्यानं कारण द्यायचं, तेही चारचौघांत. मग माणसं खोटं बोलतात. अँटिबायोटिक चालू आहे, उद्या सकाळी रक्त तपासायचंय, आज संकष्टी आहे. संकष्टीपुढे मात्र कुणाचं काही चालत नाही. (हशा)

हसलात, पण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. गटारीला यथेच्छ पिणारा गडी दुसऱ्या दिवसापासून श्रावणभर थेंबाला शिवत नाही. कितीतरी जण तर गणपती उठेपर्यंत पाळतात. त्याला जमतं, कारण त्या दिवसांत त्याला कुणी ‘घे रे’ म्हणत नाही. त्याचा निश्चय असतोच, पण अर्धं काम भोवतालच्यांच्या गप्प बसण्यानं होतं. ही सवलत पितृपक्षात, दिवाळीत, एकतीस डिसेंबरलाही मिळावी, एवढंच माझं मागणं आहे.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचं सांगतो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली. कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत तो माझ्या शेजारी बसला होता. लिंबू-सोडा आणि पनीर टिक्क्याचे दोन-तीन तुकडे, एवढंच त्यानं घेतलं. बिल आलं आणि “समान वाटून टाकू” असं ठरलं. त्याच्या वाट्याला अठराशे रुपये. बिचारा काही बोलला नाही. पुढच्या पार्टीला त्यानं सरळ व्हिस्की मागवली. मी विचारलं तर म्हणाला, “सर, पैसे जाणारच आहेत, मग निदान घेतो तरी.” एका पोराचा निर्धार आम्ही सगळ्यांनी मिळून मोडला होता, आणि तो मोडायला कुणाला वाईट असावंही लागलं नाही. भिशीत दहा रुपये कमी आले तर फोन करणारे आपण, इथेच एवढे उदार का होतो? शिवाय दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे बिलात खाणं आणि दारू वेगळी दाखवलेलीच असते. आपण फक्त दोन आकडे वाचायचे. हे कुणी वेगळं मागायच्या आत यजमानानंच म्हणावं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

माप वापरा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या स्मॉलमधून जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, लार्जमधून २०. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी ऐका: आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, दोन लार्ज झाले. घरी अंदाजानं ओतलेला पेग बहुतेक वेळा मोठाच असतो. अर्ध्या ग्लासात वरून ओतू देऊ नका, मोजणी तिथेच चुकते. रिकाम्या पोटी बसू नका, मधे पाणी प्या. यकृताला एक स्मॉल निपटायला साधारण तास लागतो. कॉफीनं किंवा अंघोळीनं तो वेग वाढत नाही. ‘थोडी हृदयाला चांगली’ हे आता सोडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं दारूचं प्रमाणच नाही. कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांच्यात, दारू १९८८ पासून आहे.

शेवटचं, आणि हे घाईत निसटायला नको. सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि घोटभर घेतल्यावरच थांबतात, त्याला हे मापाचं गणित लागू नाही. त्यानं परस्पर एकदम बंदही करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आपल्या येरवड्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. घरचं माणूस यायला तयार नसेल, तर निदान तुम्ही आधी जाऊन बोलून या.