गोट्यांखालची ओल

(दृश्य: गोट्यांनी झाकलेली जमीन, मधून वर आलेले बुटके बुंधे. वाऱ्याचा आवाज.)

निवेदन:

नदीचं कोरडं पात्र वाटतं ना? ही द्राक्षबाग आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहराच्या उत्तरेला, शातोनफ-दु-पापच्या परिसरातली. तांबूस, गुळगुळीत गोटे, त्यातले काही नारळाएवढे. मूळ आल्प्सचे. हिमनद्यांनी आणि रोन नदीनं घासत-घासत इथवर आणून टाकलेले.

इथला शातो द बोकास्टेल हा मळा पेराँ कुटुंबाचा. 1909 साली प्येर त्रामिये यांनी तो घेतला, पुढे जावई प्येर पेराँ यांच्याकडे आला, आणि मग घरातच राहिला.

येणारा प्रत्येक जण गोट्यांचे फोटो काढतो. दिवसा तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात, हेही सगळीकडे ऐकवलं जातं. खोटं नाही ते. पण इथल्या उन्हाळ्यात उष्णतेची वानवा कुठे आहे? ओढाताण पाण्याची. गोटे जमिनीवर सावली धरतात, खालची चिकणमाती ओल राखते, आणि त्या ओलीच्या मागावर मुळं खोल जातात. पार खाली लागतो वालुकाश्म, एकेकाळच्या समुद्राच्या तळाचा.

(दृश्य: वाऱ्यानं झुकलेले कोवळे शेंडे.)

हा मिस्त्राल वारा. उत्तरेकडून येतो आणि कोवळे फुटवे मोडतो. पण पावसानंतर हाच वारा घड झटपट सुकवतो, त्यामुळे केवडा हा बुरशीचा रोग आणि घडकूज आटोक्यात राहते. प्येर पेराँ यांचे पुत्र जाक पेराँ यांनी 1950 च्या दशकात रासायनिक खतं-औषधं सोडली, त्यात या वाऱ्याची मदत झालीच असणार. तेव्हा सगळे रसायनांच्या मागे होते, हेही ध्यानात घ्या.

शातोनफ-दु-पाप वाइनच्या नियमानं इथे द्राक्षांचे 13 वाण चालतात. बहुतेक मळे ग्रनाशवर भिस्त ठेवतात. बोकास्टेलमध्ये मात्र तेराही लावलेले आहेत. हौस म्हणून नव्हे. कडक उन्हात ग्रनाशमध्ये साखर भराभर चढते, म्हणजे वाइनमध्ये मद्यार्कही चढतो. कुनवाज त्याला आंबटपणाचा तोल देतो. मूरव्हेद्र सगळ्यांत उशिरा पिकतो, रंग आणि जोर देतो. तोडणी हातानंच, तसा इथला नियमच आहे. वाण वेगवेगळे आंबवतात, मिश्रण नंतर.

जाक पेराँ 1978 साली गेले. 1989 पासून, साल चांगलं असेल तरच, त्यांच्या नावानं एक वेगळी वाइन काढतात. तिच्यात मोठा वाटा मूरव्हेद्रचा असतो.