टाकीतला भाटकार कोण? एकापेक्षा जास्त टँग ठेवायचे असतील तर

नमस्कार मंडळी. फोंड्याहून, आमच्याच हॉलमधून बोलतोय. मागे दिसतेय ती सहा फुटांची टाकी, आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात लटकलेला हा पारदर्शक डबा, नव्या माशाची जुन्यांना सवय व्हावी म्हणून. डब्यात येलो टँग आहे, टँग म्हणजे खाऱ्या पाण्यातले शेवाळ खाणारे चपटे मासे. आज त्याचा सहावा दिवस. बाहेर फिरतायत ते दोघेही टँगच, एक निळा आणि एक तपकिरी, अधूनमधून डब्याला तोंड लावून बघून जातात. डबा आज उघडायचा की नाही, ते बोलता बोलता ठरवू.

परवा म्हापशाहून मित्राचा फोन. "कुठला टँग कुठल्याबरोबर चालतो, त्याची यादी पाठव रे." अशा याद्या पुष्कळ आहेत, मीही एका यादीवर विसंबूनच मार खाल्लाय. यादीत जातीचं नाव असतं, पण कोण आधी आला ते नसतं. आणि सगळं भांडण तिथेच आहे.

गोव्यात हे समजवायला वेळ लागत नाही. टाकीत जो टँग आधी आला तो भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक. प्रत्येक दगड, प्रत्येक कपार, त्यावरचं शेवाळसुद्धा त्याच्या नावावर. नंतर आला तो मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. आपल्याकडे मुंडकाराला कुणी उठवू नये म्हणून 1975 चा कायदा आहे. टाकीत तो लागू नाही.

आणि भाटकाराकडे हत्यार आहे. हे बघा, शेपटीच्या बुडाशी, हा पांढरा ठिपका. तो नुसता ठिपका नाही, नस्तर आहे. म्हणून तर यांना सर्जनफिश म्हणतात. खिशातल्या चाकूसारखं ते खाचेत मिटून असतं, शेपटी वळवली की बाहेर येतं. नेसो जातीच्या टँगचं मात्र मिटत नाही, कायम उघडंच. म्हणून टँग जाळीने पकडू नका, नस्तर जाळीत अडकतं आणि सोडवताना मासाही फाटतो, तुमचं बोटही. प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात हाकला.

आता माझी गोष्ट. तेव्हा टाकी चार फुटांची होती, अडीचशे लिटर. त्यात एक येलो टँग, वर्षभर सुखाने नांदलेला. चवथीला घरी पाहुणे येणार, टाकी भरलेली दिसावी म्हणून मी एक स्कोपस टँग आणला. दुकानदार म्हणाला, दोन्ही शांत, बिनधास्त टाका. टाकला. मी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होतो आणि मागे टाकीत येलो टँग आडवा होऊन शेपटी मारत होता. सकाळी स्कोपसचे पर चिंध्या झालेले. तिसऱ्या दिवशी अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. पाचव्या दिवशी गेला. आठवड्याने भाटकारही गेला.

चुका तीन होत्या, पण मोठी एकच. येलो आणि स्कोपस दोघेही झेब्रासोमा, म्हणजे टँगमधल्या एकाच गटातले. तेच थाळीसारखं अंग, तेच लांब तोंड, तेच केसाळ शेवाळ खाणं. इतके जवळचे की समुद्रात त्यांची मिश्र पिल्लंही सापडतात. टँग रंगापेक्षा आकार आणि ताट बघतो. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्याच ताटातलं खाणारा आला की तो पाहुणा नसतो, वाटणी मागायला आलेला चुलतभाऊ असतो.

म्हणून जोडी जमवताना मी आता तोंड बघतो. हा तपकिरी आहे तो टोमिनी टँग, सुलावेसीच्या टोमिनी आखातावरून नाव पडलंय. याचे दात ब्रशच्या केसांसारखे. दगडावरचा, काचेवरचा पातळ थर आणि गाळ तो खरवडून खातो. दीड वीतही होत नाही. निळा, ब्लू टँग, समुद्रात वरच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतो. आणि येलो केसाळ शेवाळ उपटतो. तिघांची तीन ताटं, तीन अंगकाठ्या. भांडणं होतात, पण धुसफुशीवर भागतं.

पावडर ब्लू सगळ्यांना हवा असतो. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, म्हणजे आपल्याच हिंद महासागरातला, आणि दिसायला असा की बघत राहावं. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन वर्षांत त्याच्या वाटेला जाऊ नका. भांडखोर तर आहेच, शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला सगळ्यांत आधी धरतो. तांबड्या समुद्रातला सोहाल तर एकट्यानेच टाकी चालवतो. तो हवाच असेल तर तो एकटाच ठेवा, विषय संपला.

क्रम मात्र पाठ करा. शांत आधी, भांडखोर शेवटी. माझ्याकडे टोमिनी आणि निळा आधी, येलो सर्वांत शेवटी. एकदम दोघा-तिघांना सोडता आलं तर आणखी चांगलं, कारण भाटकाराचा राग वाटला जातो. समुद्रातही हेच चालतं. लायनेटस नावाचा टँग आपलं शेवाळाचं शेत राखतो, एकेकट्याला हाकलून लावतो. पण काळ्या पट्ट्यांचे कन्व्हिक्ट टँग झुंडीने येतात आणि सगळं शेत चरून जातात. तो बिचारा कुणाकुणाच्या मागे धावणार?

नवा मासा सोडायच्या दिवशी थोडे दगड इकडचे तिकडे करा. जुन्याच्या हद्दी पुसल्या जातात. काचेला बाहेरून आरसा टेकवला तर भाटकार काही वेळ स्वतःशीच भांडत बसतो. आमच्या आईला हा प्रकार फार आवडतो.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे. मासे नस्तराने कमी मरतात, धसक्याने जास्त. पाठलाग झालेला मासा खात नाही, आणि मग हे ठिपके आणणारा परजीवी त्याला धरतो. मासा सोडून तो वाळूत, दगडावर कोष करतो आणि तिथून पुन्हा बाहेर पडतो. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. टाकीत मासा नसेल तर त्याला जगता येत नाही. ही टाकी मी 76 दिवस माशांशिवाय ठेवली होती, फक्त दगड आणि पंप. शेजारी विचारायचे, मासे कुठे गेले? आता नवा प्रत्येक टँग आधी महिनाभर वेगळ्या टाकीत. तांब्याचं औषध तिथेच, मुख्य टाकीत थेंबही नाही, कोळंबी आणि प्रवाळ त्याने मरतात.

जागेबद्दल थोडक्यात. दुकानात निळा टँग दोन इंचांचा असतो, मोठा होऊन फूटभर होतो. सेलफिन टँग त्याहून मोठा. चार फुटांच्या टाकीत टोमिनीसारखा एकच ठेवा. तीन हवे तर सहा फूट लांबी, कारण यांना उंची नको, पळायला धाव हवी.

आपल्या हवेचं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं, आणि पाणी गरम झालं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. टँगना ऑक्सिजन भरपूर लागतो. पावसात वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच. मिरामारचं पाणी भरून आणायचा विचार करत असाल तर पावसाळ्यात अजिबात नको, मांडवीचं गोडं पाणी आणि गढूळपणा. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 करा. आणि ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात तर प्रवाळ उचलू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

चला, डबा. हे बघा, निळ्याने सकाळपासून एकदाही शेपटी आडवी केली नाही. टोमिनी काच खरवडतोय, त्याला कशाचंच पडलेलं नाही. या बाजूला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा क्लिपला लावलाय, त्या टोकाला दुसरा, म्हणजे जेवणावरून गर्दी नको. दिवे मंद करतो. झाकण काढलं.

गेला बाहेर. निळा आला... एक फेरी... आडवा झाला. एक फटका. येलो दगडामागे. आता परत बाहेर येतोय. निळा नोरीकडे वळला. येलो दुसऱ्या तुकड्याकडे. कॅमेरा चालूच ठेवतो, मी मागे खुर्ची घेऊन बसलोय. रात्री अंधार झाल्यावर खरं कळेल.