रुळांपासून वर : ब्रॉडगेज, खेकडा आणि लेगोचे ठोकळे

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘स्विस क्रोकोडाइलमधून भारतीय खेकडा’ असा छापला आहे, म्हणजे लेगोच्या एका स्विस इंजिनाच्या संचातून आपले खेकडा नावाचे जुने विजेचे इंजिन, आणि तिथपर्यंत मी तुम्हाला नेणार आहे. परंतु त्याआधी एक मत मांडल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण लेगोच्या आगगाड्यांविषयीचे मत शांतपणे ऐकून घेणारी एवढी माणसे एकाच सभागृहात पुन्हा कधी सापडतील याची मला खात्री नाही. घरी तर तीही सोय उरलेली नाही.

माझे मत असे की आगगाडीचे मॉडेल रुळांपासून वर रचत न्यावे. बहुतेक जण उलट करतात. डेक्कन क्वीनचा एखादा सुंदर फोटो पाहतात, निळे ठोकळे गोळा करतात, खिडक्या आणि रंगाचे पट्टे जमवतात आणि शेवटी, पाहुण्यांना चहा द्यायचा राहिला हे आठवावे तशी, त्यांना चाकांची आठवण होते. मग तो देखणा डबा पहिल्याच वळणावर आडवा होतो.

आता रुळांचा हिशेब पाहू. लेगोच्या दोन रुळांमधले अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर आहे. १९६६ साली साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर निळ्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हापासून आजपर्यंत विजेच्या पद्धती अनेकदा बदलल्या; बारा व्होल्ट आले, १९९१ साली धातूच्या रुळांतून वीज घेणारी नऊ व्होल्टची पद्धत आली, पुढे ती जाऊन पुन्हा बॅटरी आली आणि २०१८ पासून ब्लूटूथ आले. रुळांमधले अंतर मात्र तेच राहिले. खऱ्या रेल्वेत या अंतराला गेज म्हणतात; युरोपात बहुतेक ठिकाणी दिसणारे प्रमाण गेज १४३५ मिलिमीटरचे आहे. त्याला ३७.५ ने भागले की १:३८ हे प्रमाण मिळते. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे, आणि त्याला त्याच आकड्याने भागले की जवळजवळ १:४५ मिळते. म्हणजे रूळ तेच, परंतु त्यांवर भारतीय गाडी उभी केली की ती आपोआप लहान प्रमाणात येते.

यात फायदा काय, असा प्रश्न दुसऱ्या रांगेतून येतो आहे, आणि तो रास्त आहे. युरोपातील आधुनिक प्रवासी डबा २६.४ मीटर लांब असतो. तो १:३८ ने केला तर मॉडेल जवळजवळ सत्तर सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे ८६ स्टडचे होते (स्टड म्हणजे लेगोच्या ठोकळ्यावरचा गोल उंचवटा). असा एक डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला की जेवायला जमिनीवर बसावे लागते. आपला आयसीएफचा, म्हणजे चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या कारखान्याच्या घडणीचा, डबा २१.३३७ मीटरचा आहे. १:४५ ने तो सत्तेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे ५९ स्टडचा होतो. एलएचबी हा नंतरचा, जर्मन घडणीचा डबा थोडा मोठा, ६५ स्टडचा. आणि रुंदी पाहा. आयसीएफच्या डब्याची रुंदी ३.२४५ मीटर आहे. भागिले ४५, उत्तर ७२ मिलिमीटर. एक स्टड आठ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर नऊ स्टड. डेन्मार्कमधील बिलुंड या लेगोच्या गावात बसून पेरांबूरच्या डब्याचा विचार कोणी केला नसणार, हे मला मान्य आहे. तरीही हा हिशेब जेव्हा जुळतो तेव्हा मला दर वेळी सुखद वाटते, आणि प्रमाण गेजवाल्या मित्रांना हे सांगताना मी आवाज मुद्दाम थोडा चढवतो.

नऊ हा आकडा विषम आहे, ही त्यातली अडचण. कंपनीच्या बहुतेक गाड्या सहा स्टड रुंद असतात, हौशी मंडळी आठ स्टड पसंत करतात, आणि दोन्ही सम असल्यामुळे बोगीचा मध्य आणि डब्याचा मध्य सहज एकावर एक येतो. (बोगी म्हणजे इथे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, अख्खा डबा नव्हे.) नऊ स्टड घेतले की मध्य अर्ध्या स्टडने सरकतो आणि त्यासाठी जंपर प्लेट लागते, जिच्या दोन स्टडच्या लांबीवर मधोमध एकच स्टड असतो. हा एवढासा तुकडा नसता तर भारतीय ब्रॉडगेज लेगोत झालेच नसते, असे माझे म्हणणे आहे. आठ स्टडच्या पंथाचे लोक याला अट्टहास म्हणतात. त्यांनी तसे खुशाल म्हणावे, पण आठ स्टडला डब्याचे प्रमाण जवळजवळ १:५१ होते आणि खालचे रूळ १:४५ चेच राहतात, याचे उत्तर त्यांनी आज या सभागृहात द्यावे. कोणी हात वर केलेला दिसत नाही.

रुळांनंतर वळण. कंपनीच्या वळणाची त्रिज्या चाळीस स्टड, म्हणजे ३२० मिलिमीटर असते आणि असे सोळा तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते. ही त्रिज्या छोट्या गाड्यांसाठी आहे. आपल्या ५९ स्टडच्या डब्याच्या दोन बोगींमध्ये सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर येते. असा डबा त्या वळणावर गेला की त्याचा मध्यभाग रुळांच्या मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटर आत झुकतो. फलाट असेल तर फलाट जातो आणि सिग्नल असेल तर सिग्नल जातो. इतर उत्पादकांची १०४ स्टड त्रिज्येची वळणे मिळतात, त्यांवर हाच झोक दोन स्टडांवर येतो. घर त्या वळणाएवढे नसेल तर डबा आखूड करणे भाग आहे. आखूड करताना खिडक्यांची संख्या कमी करावी, खिडकीचा आकार बदलू नये. पाहणारा खिडक्या मोजत नाही, पण खिडकी दबलेली त्याला लगेच जाणवते.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर आपल्या दुसऱ्या वर्गाच्या खिडकीचे आडवे गज कसे करायचे तेही सांगतो. लेगोत एक बाय दोन मापाची जाळीची टाइल असते. ती मोटारीच्या पुढच्या जाळीसाठी वापरतात. ती भिंतीवर पट्ट्या आडव्या येतील अशी, स्टड बाजूला वळवून बसवायची आणि मागे काळी प्लेट लावायची, म्हणजे फटींतून डब्यातला अंधार दिसतो. बाजूला वळवलेले ठोकळे सरळ ठोकळ्यांशी जुळतात कसे, तर प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर असते, पाच प्लेट एकावर एक रचल्या की सोळा मिलिमीटर होतात, आणि दोन स्टडही सोळा मिलिमीटरच. या छंदातली निम्मी कारागिरी या एका समीकरणावर उभी आहे. उरलेली निम्मी हवे ते तुकडे मिळवण्यात जाते, आणि तिथे माझी तक्रार सुरू होते.

खेकड्यासाठी मला मोठी चाके हवी होती; काही फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावरून घसरू न देणारी कड, असलेली आणि काही फ्लँज नसलेली. ती इथे सुटी मिळत नाहीत म्हणून मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली. पार्सल मूठभर होते. ते देशात आले आणि एका कार्यालयात थांबले. कोणत्या, ते सांगत नाही, कारण मला पुढेही चाके लागणार आहेत. २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के झाले, हे मला माहीत होते, आणि मी पैसे घेऊनच गेलो होतो. प्रश्न पैशांचा नव्हताच. प्रश्न होता की ही वस्तू नक्की आहे तरी काय.

समोरच्या गृहस्थांनी एक चाक उचलून उजेडासमोर धरले आणि विचारले, “हे कशाचं चाक आहे?”

“आगगाडीच्या इंजिनाचं,” मी म्हणालो.

“मग रेल्वेचं पत्र आणा.”

मी म्हणालो, “साहेब, हे खेळण्यातल्या इंजिनाचं आहे.”

“खेळणं कुठे आहे?”

“खेळणं मी बनवणार आहे.”

“म्हणजे तुम्ही उत्पादक आहात?”

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि अगदी सौजन्याने विचारले की खेळणार कोण. मी ‘नातू’ म्हणालो असतो तर सुटलो असतो, पण मला नातू नाही, आणि सरकारी कागदावर खोटे लिहिण्याचा माझा स्वभाव नाही. अर्जात मी ‘स्वतः’ असे लिहिले. तो अर्ज वाचायला शेजारच्या तीन टेबलांवरचे लोक आले. त्यातल्या एकांनी खेळण्यांना २०२१ पासून लागणाऱ्या प्रमाणन चिन्हाचा मुद्दा काढला, दुसऱ्यांनी सुट्या चाकावर चिन्ह कुठे उमटवणार, अशी शंका काढली, आणि त्या दोघांची चर्चा इतकी रंगली की जेवणाची सुटी झाली. सुटीनंतर आलेल्या एका बाईंनी चाक हातात घेतले, मधल्या भोकाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, हे माझ्या मुलाच्या क्रेनमध्ये आहे. सोडा त्यांना.” भारतीय लेगो रेल्वेच्या इतिहासात त्या बाईंचे नाव यायला हवे होते, पण घाईत मी ते विचारले नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे, असे लिहिले आहे, आणि दहाखाली दोन रेघा आहेत. तेव्हा आता खेकडा.

खेकडा म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मालगाडीचे विजेचे इंजिन, पुढे डब्ल्यूसीजी-१ या वर्गाच्या नावाने ओळखले गेलेले. १९२८ च्या सुमारास ही इंजिने आली. एकूण ४१, त्यांतली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरटूर येथील कारखान्यातली आणि बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली. १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर भोर आणि थळ घाटांतल्या ३७ ला १ या चढावर ती मालगाड्या खेचत. उभे असताना ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि धावताना बाजूचे दांडे वेगळाच सळसळाट करीत. त्यातले ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्याची घडण आल्प्समधल्या गोथार्ड मार्गावरच्या प्रसिद्ध स्विस क्रोकोडाइलच्या कुळातली आहे: मध्ये केबिन, दोन्ही बाजूंना लांब बॉनेट, आणि दांड्यांनी जोडलेली चाके. त्याच स्विस इंजिनाचे १,२७१ तुकड्यांचे मॉडेल लेगोने २०२० साली काढले, म्हणून सुरुवात तिथून करणे सोपे जाते.

ठेवायचे काय, तर तीन भागांची रचना. बॉनेट बोगीवर बसलेले असते आणि बोगीबरोबर वळते. केबिन दोन्ही बोगींवर खुंट्यांनी टेकलेले असते. त्यामुळे इंजिन लांब असूनही वळण घेते. काढायचे काय, तर दोन्ही टोकांची, दांड्यांना न जोडलेली छोटी चाके. स्विस इंजिनाला ती आहेत, खेकड्याला नाहीत. त्याच्या प्रत्येक बोगीला जोडलेल्या चाकांच्या तीनच जोड्या. टोकाची चाके गेली की बॉनेटचे नाक आखडते आणि इंजिन एकदम आपले दिसू लागते. मूळ इंजिन सुमारे वीस मीटरचे, म्हणजे १:४५ ने ५६ स्टड. कागदावर किंवा स्टुडिओ या संगणक प्रणालीत हे माप आधी आखून घ्यावे आणि मगच संच फोडावा.

तीन जोड्यांपैकी मधली जोडी फ्लँज नसलेल्या चाकांची घ्यावी, नाहीतर बोगी वळणात अडकते. त्या पार्सलमागची तळमळ आता तुमच्या लक्षात आली असेल. डावीकडचे आणि उजवीकडचे दांडे एकमेकांशी काटकोनात असावे लागतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर, जिथे दांडा चाकाला फिरवू शकत नाही तिथे, आली तरी दुसरी ढकलत राहते. लेगोचा धुरा अधिकच्या चिन्हासारखा असतो, म्हणून चाक पाव फेरा फिरवून बसवले की काटकोन चुकूच शकत नाही. बॅटरीची पेटी चार स्टड रुंद आणि आठ स्टड लांब असते, तिच्यात सहा लहान सेल बसतात. ती केबिनमध्येच जाते, बॉनेटमध्ये नाही. मोटारही केबिनमध्ये, आणि तिथून सांध्याच्या धुऱ्याने एकाच बोगीला गती द्यावी. दोन्ही बोगी चालवण्याचा मोह टाळावा, कारण दांडे एकमेकांशी भांडू लागतात. चालत्या चाकांना रबराची कडी लावली की चढावर घसरत नाही. छतावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ इथे नुसता शोभेचा आहे, आणि रंगाबद्दलचे प्रश्न मी बाहेर घेईन, कारण त्या प्रश्नावर मागच्या सभेत चहा थंड झाला होता.

मॉडेल दाराजवळच्या टेबलावर, १०४ च्या वळणावर ठेवले आहे. जरूर पाहा, खाली वाकून दांडेही पाहा, पण कृपया केबिन धरून उचलू नका. केबिन तुमच्या हातात येईल आणि दोन्ही बॉनेट बोगींसकट टेबलावरच राहतील.