देव पाठीशी की देवाचा कोप?

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. दारात बसून बिड्या वळणारे हात.)

भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. नवरा गेल्यावरही या बाईंचे हात थांबले नाहीत. झोप मात्र उडालीय. शेजारणी येतात, पाठीवरून हात फिरवतात आणि जाताना म्हणतात, "भोग आहेत बाई, भोगल्याशिवाय सुटका नाही." तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: माझं असं काय चुकलं, की देवानं हे केलं?

हा विचार माणसाला आतून पोखरतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्नच्या पुढच्या ५९६ जणांना त्यांच्या श्रद्धेबद्दल विचारलं, आणि दोन वर्षं त्यांची खबर ठेवली. निष्कर्ष २००१ साली छापून आले. 'देवानं मला टाकलं की काय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी जास्त दिसला. आजारपण आणि खचलेलं मन हिशेबात धरूनही. देश वेगळा, धर्म वेगळा. पण ही बोच आपल्या ओळखीची आहे.

श्रद्धा सोडा, असं मात्र यातून निघत नाही. देव पाठीशी आहे या भरवशावर माणसं मोठमोठी संकटं निभावून नेतात.

(दृश्य: सिद्धेश्वर तलाव. मग गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक.)

सोलापूरचं ग्रामदैवत मानल्या जाणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तलाव खोदवला, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या सुमाराला बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज घेऊन या लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात. एवढी उंच काठी पेलणं एकट्याचं काम नव्हे. या गर्दीत कुणीतरी विचारतं, "काय म्हणता, बरं आहे ना?" दुःखात असलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचा केवढा आधार होतो!

आणि इथंच आपण बाईवर अन्याय करतो. तीच संक्रांत, तीच गल्ली, घरोघरी हळदीकुंकू. पण विधवेला बोलावणं नाही. माणसांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच देवाधर्माच्या नावानं तिला बाजूला बसवायचं. ही श्रद्धा नव्हे, निव्वळ रूढी आहे, आणि ती मोडता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गल्लीला कुणी अडवलंय?

नवस करा, वारीला जा, अंगारा लावा. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. देवरुषी सांगतो म्हणून गोळ्या बंद करू नका. टेलि-मानस या मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. मराठीत बोला, नाहीतर पूर्व भागातल्या घरात बोलतात त्या तेलुगूत.

डॉक्टरांनाही एक विनंती. झोप आणि भूक विचारता, तसंच हेही विचारा: "देवावर रागावलाय का तुम्ही? की देवच तुमच्यावर रागावलाय असं वाटतं?" उत्तर निवांत ऐकून घ्या. बाहेर रांग असली तरी.