वीस वर्षांचा सौदा

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, माझ्या हातात काय आहे ते तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी लांबूनच ओळखलं असेल. मोनोब्लॉक पंपाचं, म्हणजे मोटर आणि पंप एकाच धडात असलेल्या पंपाचं, मेकॅनिकल सील. ही काळी चकती कार्बनची, ही पांढरी सिरॅमिकची, मागे स्प्रिंग आणि रबर. एक चकती शाफ्टबरोबर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागेवर बसलेली असते, आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. दोन्हींची तोंडं इतकी सपाट घासलेली असतात की मध्ये पाण्याचा अगदी बारीक थर तेवढा राहतो. तोच वंगणाचं काम करतो आणि बाकीचं पाणी आतच राहतं.

हे सील कसं जातं, ते इथल्या मिस्त्री लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप गळते, पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं. रात्री लाइन आली की ऑटो स्टार्टर मोटर चालू करतो आणि पंप कोरडा फिरत राहतो. मधला थर गेला की चकत्या तापतात. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी आलं की तडा. मग पाणी शाफ्टवरून मोटरीत शिरतं आणि वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी जळते, तेही नेमकं हरभऱ्याच्या ओलिताच्या वेळी.

सील येण्याआधी याच जागी ग्रीस लावलेली दोरी ठासून भरत. ती थेंब थेंब गळू द्यावी लागे, नाहीतर शाफ्ट झिजे. त्या दोरीपासून या चकत्यांपर्यंत येताना माणसांनी एकेक अडचण सोडवली आणि अनेकांनी आपल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. पेटंट म्हटलं की आपल्याला एवढंच कळतं, की कोणीतरी कुंपण घातलं, आता आत जायचं नाही. मला आज बोलायचं आहे ते त्या सौद्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल.

सौदा असा आहे. शोध लावणाऱ्याने तो पूर्ण लिहून द्यायचा, आकृत्यांसह, इतका स्पष्ट की त्या विषयातला जाणकार वाचून ती वस्तू बनवू शकेल. काहीही हातचं राखायचं नाही. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्याने बनवायची वा विकायची नाही. मुदत संपली की ती सगळ्यांची. दरवर्षीची फी भरली नाही तर हक्क त्याआधीच जातो. आणि भारतात पेटंट घेतलंच नसेल, तर परदेशातल्या पेटंटमुळे इथे कोणी अडवू शकत नाही. हे सारे कागद इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. जगभरच्या सीलच्या आकृत्या तुमच्या मोबाइलवर येऊ शकतात आणि आपण त्या उघडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयटीआयच्या पोरांना तर मी हात जोडून सांगतो: वाचा. इंग्रजी अवघड वाटलं तर आधी आकृती बघा, आकडे जुळवा. बनवून विकायचं असेल तेव्हा मात्र ते पेटंट भारतात चालू आहे का, एवढं तपासून घ्या.

आता औषधांकडे येतो, कारण तिथे हा सौदा जिवावर बेततो. आपला पेटंट कायदा 1970 चा, अमलात आला 1972 साली. त्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी तीच औषधं वेगळ्या पद्धतीने बनवली आणि ती स्वस्तात मिळू लागली. 2005 पासून औषधालाही पेटंट मिळू लागलं. पण कायद्यात एक कलम ठेवलं, 3(ड). जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. याच कलमावर 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचं पेटंटसाठीचं अपील फेटाळलं.

आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही माणूस लेखी हरकत घेऊ शकतो. वकीलच हवा असं नाही, कंपनी हवी असंही नाही. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरचं औषध. त्याच्या मूळ पेटंटची मुदत 2023 च्या जुलैत संपत होती. कंपनीने त्याच औषधाच्या क्षारासाठी, म्हणजे त्याच्या एका वेगळ्या रासायनिक रूपासाठी, वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी 2019 मध्ये हरकत घेतली. दोघी टीबीतून उठलेल्या, आणि जुन्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च 2023 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. दोन रुग्णांनी कागद वाचला म्हणून हे घडलं.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे फार जुनं औषध, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही, म्हणून ते गरिबाला परवडतं. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत याच आजारावर जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, किंमत 22 लाख डॉलर. तो आपल्या लेकरांपर्यंत कधी पोहोचेल, हे पेटंट कोणाकडे आणि किती वर्षं, यावरही ठरणार आहे.

आणि आपल्या माणसाचा शोध? चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या वावरात निवड करत एचएमटी नावाच्या वाणाचं धान तयार केलं. ते अनेक राज्यांत पेरलं गेलं; दादाजी गरिबीतच राहिले. पिकाच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्यासाठी 2001 चा वेगळा कायदा आहे, आणि तो एचएमटीनंतर आला. शेतीच्या पद्धतीलाही पेटंट नाही. पण ओलितासाठी नवं यंत्र, पंपाचा नवा भाग बनवला तर त्याला मिळू शकतं.

तेव्हा इथल्या एखाद्या मिस्त्रीने गाळाच्या पाण्यातही टिकणारं सील जमवलं असेल, तर प्रदर्शनात मांडण्याआधी, व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज करा. आधीच जगजाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही. सुरुवातीला शोधाचं तात्पुरतं विवरण देता येतं, पूर्ण विवरणाला मग 12 महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये, तपासणीची फी पुढे वेगळी. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात.

आता प्रश्न विचारा. पण ज्याने खरोखर काही नवं बनवलं आहे, त्याने ते इथे सगळ्यांसमोर उलगडून सांगू नये. मी संध्याकाळपर्यंत आहे, एकट्याने येऊन भेटा, आपण अर्जाचा मसुदा लिहायला बसू.