आजारी बाळाच्या शरीरात अँटिबायोटिकचं काय होतं

(दृश्य: लहान मुलांचा अतिदक्षता विभाग. सुजलेल्या पापण्या, सुजलेला हात, चिकटपट्टीने बसवलेली सुई.)

या बाळाचं वजन 10 किलो. निदान सेप्टिक शॉक, म्हणजे गंभीर संसर्गाने रक्तदाब कोसळणं. रक्तदाब सावरायला पहिल्या तासात, किलोमागे 10 मिलिलिटर या हिशेबाने चार वेळा सलाईन गेलं. म्हणजे 400 मिलिलिटर. त्यातलं बरंचसं आता रक्तवाहिन्यांत राहिलेलं नाही. केशवाहिन्या गळक्या झाल्यात, पाणी झिरपून पेशींभोवती साचलंय. पापण्यांवर दिसतेय ती त्याचीच सूज.

अमिकासिन, मेरोपेनेम, व्हॅन्कोमायसिन ही पाण्यात विरघळणारी औषधं. पाणी जिथे जाईल तिथे तीही जातात. औषध तेवढंच, पण टाकी मोठी झाली.

(पडद्यावर आकडे.)

गणित मांडून बघू. एरवी अमिकासिन किलोमागे 0.3 लिटरमध्ये पसरतं असं धरा. किलोला 15 मिलिग्रॅम दिलं की सुरुवातीची पातळी लिटरला 50 मिलिग्रॅम. गळतीमुळे 0.3 चे 0.45 झाले, तर तोच डोस 33 वर अडकतो. अमिकासिनची पातळी एकदा चांगली उंच जावी लागते, जंतूला रोखणाऱ्या किमान पातळीच्या, म्हणजे एमआयसीच्या, आठ ते दहा पट. एमआयसी 4 असेल तर 50 पुरून उरतं. 33 जेमतेम.

म्हणून पहिला डोस पूर्ण द्यायचा. क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसलं की हात आखडतो, आणि चूक नेमकी तिथेच होते. पहिला डोस टाकी भरण्यासाठी असतो. किडनी किती बाहेर टाकते हा प्रश्न दुसऱ्या डोसपासूनचा.

आणि तो प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. सेप्सिस (शरीरभर परिणाम करणारा गंभीर संसर्ग), भाजणं, मोठी दुखापत यांत सुरुवातीला काही मुलांची किडनी नेहमीपेक्षा जोरात चालते. औषध बाहेर पडतं आणि पुढच्या डोसच्या कितीतरी आधी पातळी घसरते. क्रिएटिनिन 0.2 बघून ‘किडनी छान आहे’ म्हणून पुढे जाणं सोपं असतं. किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणारं श्वार्ट्झ सूत्र लावा: 0.413 गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन. उंची 75 सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं 155, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. इथे दोन डोसांत आठ तासांचं अंतर ठेवलं तर ते कदाचित जास्त होईल. मात्र हे सूत्र जुनाट किडनीविकाराच्या, स्थिर मुलांवरून आलेलं आहे. रोज बदलणाऱ्या किडनीत ते अंदाजापुरतंच. किडनी बंद पडू लागते तेव्हा क्रिएटिनिन एखाद-दोन दिवस मागून चढतं. लघवी तासाला किती होते, ते आधी सांगतं.

(जवळून: सिरिंज पंप, पारदर्शक नळी.)

मेरोपेनेमचा हिशेब वेगळा. इथे पातळी किती उंच गेली यापेक्षा ती एमआयसीच्या वर किती वेळ टिकते ते महत्त्वाचं, म्हणून पुढचे डोस सावकाश देतात. किलोला 40 प्रमाणे 400 मिलिग्रॅम, 20 मिलिलिटरमध्ये, 3 तासांत: पंपावर ताशी 6.7. आता ही नळी बघा. हिच्यात 2 मिलिलिटर मावतं. नळी सलाईनने भरलेली असेल तर पहिली 18 मिनिटं बाळाला नुसतं सलाईनच जातं. आणि सिरिंज संपून पंप वाजतो तेव्हा 40 मिलिग्रॅम, डोसचा दहावा भाग, नळीतच असतो. नळी काढून टाकली तर तो कचऱ्यात. सलाईनची सिरिंज लावून त्याच वेगाने ढकलायचं. घाईने नाही, कारण पुढे त्याच मार्गात ॲड्रिनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) चालू असेल तर तेही एकदम आत जाईल. पहिला डोस मात्र अर्ध्या तासात संपवतात, तिथे थांबायला वेळ नसतो. दिवसभर सलग द्यायचं म्हटलं, तर विरघळवलेलं मेरोपेनेम खोलीच्या तापमानात काही तासांतच निकामी होऊ लागतं.

सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक बहुतांश अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन घटलं की सुटं औषध वाढतं, पण ते पसरतंही आणि बाहेरही लवकर पडतं.

(दृश्य: रक्ताची नळी, लेबल.)

व्हॅन्कोमायसिनची पातळी मोजतात. ज्या मार्गाने औषध गेलं त्याच मार्गातून रक्त काढलं, तर आकडा खोटा चढा येतो आणि डोस विनाकारण कापला जातो. लेबलवर डोस प्रत्यक्ष कधी सुरू झाला आणि रक्त कधी काढलं, या दोन्ही वेळा हव्यात. चार्टवर छापलेली वेळ चालत नाही.

तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागते आणि टाकी परत लहान होते. परवाचा डोस आज जास्त ठरू शकतो. किडनी मंदावली असेल आणि बाळ गुंगीत वाटलं, हातपाय झटकू लागलं, तर मेंदूच्या संसर्गाबरोबर सेफेपिम या अँटिबायोटिकच्या डोसवरही संशय घ्यायचा. आणि हिशेबाला वजन धरायचं ते सुजेच्या आधीचं.