आय-आयचं मधलं बोट

मादागास्करचं जंगल, मध्यरात्र. वरच्या फांदीवरून टकटक येतेय, पण हा सुतारपक्षी नव्हे. या बेटावर सुतारपक्षी नाहीतच. त्याचं काम इथे आय-आय करतो. हा लेमूर आहे, म्हणजे माकडांचा लांबचा नातलग, वजन साधारण २.५ किलो. पुढचे दात मात्र उंदरासारखे, जन्मभर वाढणारे. त्या दातांनी भल्याभल्यांना फसवलं. १७८८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेही खारींच्या प्रजातीत!

आता हात बघा. चौथं बोट सगळ्यांत लांब आणि दणकट, मधलं मात्र वाळक्या काडीसारखं. त्याच्या मुळाशी आपल्या खांद्याला असतो तसा उखळीचा सांधा, म्हणून ते हवं तिकडे वळतं.

मडकं वाजवून पाहावं तसा तो खोड वाजवत पुढे सरकतो, सेकंदाला आठ टिचक्यांपर्यंत. मोठाले कान पुढे वळलेले. सालीखाली अळीनं पोखरलेलं भुयार असलं की आवाज बदलतो. तिथेच थांबून तो दातांनी लाकूड कुरतडतो, भोकात बोट सारतो आणि नखाच्या आकड्यात अळी अडकवून बाहेर ओढतो. पण आवाज पोकळीचा असतो, अळीचा नव्हे. त्यामुळे कधी एवढी खटपट करून भुयार रिकामंच निघतं.

इतकं बारीक बोट सतत गरम ठेवणं परवडत नाही. काम नसताना ते बाकीच्या बोटांपेक्षा थंड असतं, टिचक्या सुरू झाल्या की आधीपेक्षा कमाल ६ अंश सेल्सियसनं जास्त तापतं.

हेच बोट तो नाकातही घालतो, अगदी पुरतं, आणि मग चाटतो. २०२२ मध्ये संशोधकांनी स्कॅनच्या आधारे दाखवलं, की ते नाकातून थेट घशापर्यंत पोहोचू शकतं. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.

बोटं अशी एकेका कामाला जुंपली, की फांदी धरायची कशानं? २०१९ मध्ये त्याच्या मनगटाशी एक छोटा जादा अंगठा असल्याचं उघड झालं. हाड, कूर्चा आणि हलवायला स्वतंत्र स्नायू असलेला.

बेटावर काही ठिकाणी आय-आय दिसणं अपशकुन मानतात आणि दिसताच त्याला मारतात. जंगलतोड आहेच. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू होतं.